अंगठ्याएवढे माप

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, लग्नात आहेर म्हणून आलेल्या अत्तरदाणीशेजारी, पितळेची एक लहानशी नळी उभी असते. उंची माझ्या अंगठ्याएवढी, तोंड करंगळी जेमतेम आत जाईल एवढे, बुडाला पितळेचीच चकती आणि काठाशी एक बारीक कडी. कडीत साखळीचे चार दुवे अजून शिल्लक आहेत. घरी पाहुणे आले की त्यांचे लक्ष हटकून तिकडे जाते. कोणी म्हणतो काजळाची डबी, कोणी म्हणतो वैद्याचे काढा पाजायचे माप. एका प्राध्यापक स्नेह्यांनी तर ते जुन्या कंदिलाचे टोपण असल्याचा ठाम निर्वाळा दिला होता. सगळ्यांचे तर्क संपले की मी शांतपणे सांगतो, "हे दारूचे माप आहे."

मग पाहुणे एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या पत्नीकडे पाहतात. चहापलीकडे ज्या घराला व्यसन नाही त्या घरात हे काय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागतो न लागतो तोच आतून पत्नीचा आवाज येतो, "बंदुकीच्या दारूचे हो! यांना मेली थट्टा सुचते."

थट्टा बाजूला ठेवली तरी 'दारू' हा शब्द गमतीचा आहे खरा. मूळ फारसी. तिकडे त्याचा अर्थ औषध. आजाऱ्याची आपण 'दवादारू' करतो ती याच अर्थाने. मराठीत तोच शब्द पुढे मद्यालाही लागला आणि बंदुकीत ठासायच्या भुकटीलाही. दिवाळीत मुले उडवतात तीही शोभेची दारूच. औषध, मद्य आणि बारूद या तिघांचे गुण वेगळे, पण माप चुकले की तिन्ही घात करतात. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वयाच्या नवव्या वर्षी, १९५७ सालच्या दिवाळीत, मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. पाहिले आहे एवढेच म्हणून मला सुटताही येत नाही. पण ते पुढे.

आजोबांची ठासणीची

माझे आजोळ नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या सायखेड्याला. गोदावरीच्या एका काठाला चांदोरी आणि दुसऱ्या काठाला सायखेडा. नदी पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जाते. कादवा तिला तिथेच येऊन मिळते. तिथल्या पाणपक्ष्यांमुळे ती जागा आता जगाच्या नकाशावर गेली आहे. २०२० साली ती महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाली. माझ्या लहानपणी मात्र त्या बाजूला एवढी द्राक्षे नव्हती. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा आणि नदीकाठाने ऊस. उसात रानडुकरे शिरत, हरभऱ्यावर आणि भुईमुगावर कोल्ह्यांचा डोळा असे. त्यांच्यासाठी आजोबांनी पिकाच्या राखणीच्या परवान्यावर एक ठासणीची बंदूक ठेवली होती.

हल्लीच्या वाचकांना ठासणीची बंदूक म्हणजे काय ते सांगायला हवे. काडतुसाच्या बंदुकीत मागून काडतूस सरकवायचे की काम झाले. ठासणीच्या बंदुकीत सगळे पुढून, नळीच्या तोंडातून. आधी मोजून दारू ओतायची. तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा. मग छर्रे आणि ते सांडू नयेत म्हणून आणखी एक बोळा. शेवटी मागच्या बाजूला घोड्याखालच्या टोचावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपीची ठिणगी बारीक भोकातून आत जाते आणि दारू पेटते. एका बाराला एवढा सोपस्कार. 'ठासून भरणे' हा आपला रोजचा वाक्प्रचार या खटाटोपाशी चांगला जुळतो.

आजोबांची दारू म्हशीच्या शिंगात असे. शिंगाच्या टोकाला लाकडी बूच आणि शिंगाला दोरीने बांधलेले एक पितळी माप. आजोबांचा नियम कडक होता. शिंगातून दारू मापात आणि मापातून नळीत. शिंग कधीही नळीच्या तोंडाशी न्यायचे नाही. बंदूक भरायचे काम आमचे जुने सालदार करीत. आम्ही मुले त्यांना दादा म्हणत असू. दादांचे हात मोठे होते, आणि त्या हातांत ते माप इतके लहान दिसे की आम्हांला हसू येई. पण मापावर पट्टी फिरवून ते काठोकाठ करताना दादा कोणाशी बोलत नसत.

खरे म्हणजे त्या बंदुकीने डुकरे मेली थोडी आणि पळाली फार. रात्री शेताच्या बांधावरून नुसता बार काढला तरी काम भागे. आणि वर्षातून एकदा, पाडव्याच्या संध्याकाळी गुरे ओवाळून झाली की वाड्यापुढे तीन बार काढायची आजोबांच्या घरची रीत होती. छर्रे नाहीत, नुसती दारू आणि बोळा. आमची दिवाळी त्या तीन बारांनी पुरी होई.

बाहुलीचे माप

त्या वर्षी, धनत्रयोदशीच्या दुपारी, मामेबहिणीच्या बाहुलीचे लग्न निघाले. वरपक्ष माझा. लग्न झाले, पंगत झाली आणि नवरी घरात घ्यायची वेळ आली. नवरी घरात येणार म्हणजे उंबऱ्यावर माप हवे. तांदळाने भरलेले माप पायाने लवंडून सून घरात येते, ते माप. शेर मोठा, पायली त्याहून मोठी. धान्याची लहानातली लहान मापे आठवून पाहिली. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. निळवे म्हणजे शेराचा सोळावा भाग, पण बाहुलीपुढे तेसुद्धा रांजणासारखे दिसे. तेवढ्यात माझी नजर खुंटीवरच्या शिंगाकडे गेली.

दोरीची गाठ मीच सोडली. बाहुलीने माप लवंडले, तांदूळ सांडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माप ओट्यावरून घरंगळत अंगणात गेले. आणि तेवढ्यात आतून आजीने चिरोटे खायला हाक मारली. चिरोटे खाऊन परत आलो तो माप नाही. अंगण पाहिले, गोठा पाहिला, मोरी पाहिली. संध्याकाळ झाली आणि मी गप्प बसलो. घरात बंदुकीचे नाव पाडव्याशिवाय निघणार नव्हते. तोवर सापडेल, अशी मी माझी समजूत घातली.

पाडव्याला अंगणात ही गर्दी. दादांनी शिंग काढले आणि रिकामी खुंटी चाचपली. आजोबा आत पाहुण्यांत होते. "दादा, बार! दादा, बार!" असा मुलांचा घोष चालला होता. त्यांत मीही होतो, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. गप्प राहिलो तर कोणी माझ्याकडे पाहील ही भीती. दादांनी पहिल्या बाराची दारू तळहातावर घेतली. जुने शिकारी गोळी तळव्यावर ठेवून ती झाकेल इतकी दारू ओतीत, तशी अदमासाने. बार झाला. दुसऱ्या बाराला मात्र घाई झाली. दादांनी नळी उभी धरली आणि शिंगाचे बूच काढून शिंगच नळीच्या तोंडाला लावले.

काळी दारू कधीच पुरती जळून जात नाही. जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. काही धुराबरोबर बाहेर पडतो, काही काजळीसारखा नळीत बसतो. त्या काजळीत किंवा बोळ्याच्या तुकड्यात एखादा निखारा धुमसत राहू शकतो. त्या दिवशी तो राहिला होता. आवाज झाला तो बंदुकीचा नव्हे, शिंगाचा. तळाशी थोडीच दारू उरली होती म्हणून दादा वाचले. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे मात्र गेली. मामा त्यांना घेऊन रातोरात नाशिकला गेले. अंगणातल्या पणत्या कोणी विझवल्या नाहीत. त्या तशाच जळून संपल्या.

नीट पाहिले तर त्या मापाचे खरे काम यातच आहे. बंदुकीत किती दारू घालायची ते माप ठरवते, हे झालेच. पण त्याहून मोठे काम म्हणजे ते साठा आणि आग यांच्यामध्ये उभे राहते. नळीत निखारा असलाच तर मापातली चमचाभर दारू भपकन जळेल, फार तर बोटे भाजतील. शिंगातली पेटणार नाही. माप दूर केले की निखारा आणि शिंग यांच्यामध्ये काहीच उरत नाही.

तांबटकाकांची शाळा

दिवाळी झाली. दादा नाशिकच्या दवाखान्यात होते. शाळा सुरू व्हायला अवकाश होता म्हणून मी सायखेड्यालाच राहिलो होतो. एक दिवस आजोबा मला म्हणाले, "चल, नवे माप करून आणू." मीच का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. गावातले म्हातारे तांबट नाशिकलाच काम शिकलेले होते. त्यांच्यापुढे हंडे, घागरी, तपेली यांचे डोंगर असत आणि मठाराचे ठोके दिवसभर चालत. आजोबांनी काम सांगताच त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"दारू किती?"

आजोबांनी वही उघडली. तीत त्यांच्या वडिलांच्या हातचे टिपण होते : पाच मासे. त्या काळी तोळ्या-मासा-गुंजेचा हिशेब घराघरांत चाले. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आजच्या हिशेबाने पाच मासे म्हणजे पाच ग्रॅमला थोडे कमी. काळी दारू पसरट भरली तर साधारण पाण्याइतकीच जड भरते, तेव्हा पाच मासे दारू म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. एवढ्याशा भुकटीत डुक्कर पळवायची ताकद.

"दारू इथे आणायची न्हाई," तांबटकाका म्हणाले. "माझी भट्टी दिवसभर पेटलेली असते."

मग माप कसे जुळवायचे? त्यांनीच युक्ती सांगितली. घरी, चुलीपासून दूर, सोनाराच्या काट्यावर पाच मासे दारू तोलायची. औषधाच्या काचेच्या कुपीत ती हलक्या हाताने ओतून जिथवर येईल तिथे कुपीला दोरा बांधायचा. दारू काढून कुपी धुऊन वाळवायची आणि दोऱ्यापर्यंत राजगिरा भरून ती दुकानी आणायची. राजगिऱ्याचा दाणा दारूच्या दाण्यासारखाच बारीक, आणि तो भट्टीपुढे निर्धास्त बसतो. आजोबांनी तसे केले. कुपी मी धरून नेली. आयुष्यात पुढे पुष्कळ मौल्यवान वस्तू वाहिल्या, पण इतक्या जपून कोणतीही नेली नाही.

आता मापाची घडण. तांबटकाकांनी प्रथम अर्ध्या इंचाची एक गोल लोखंडी सळई निवडली. निवडली म्हणजे पाच-सहा सळया चाचपून, उजेडाकडे धरून, दोऱ्याने घेर मोजून. मला वाटले, एवढ्याशा नळीसाठी हा केवढा आटापिटा! त्यांनी मला हिशेब सांगितला. कारागिरांच्या मोजणीत आठ सुतांचा इंच. "उंची अर्धा सूत चुकली तर शंभराला चारच वाढतात. पण रुंदी अर्धा सूत चुकली तर सव्वापट दारू जाते, बाळा." मी ते खरे मानले नाही. पुढे शाळेत वर्तुळाचे क्षेत्रफळ आले तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर करून पाहिले. नळीचा व्यास अर्ध्या इंचाचा नऊ-षोडशांश इंच केला तर आतली जागा खरोखरच सव्वापटीहून किंचित अधिक होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाने व्यासाचा वर्ग मला आधीच शिकवून ठेवला होता.

सळई ठरल्यावर पितळेच्या पत्र्याची दीड इंचाहून थोडी अधिक रुंद पट्टी त्यांनी कापली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ठोकले की ते कडक होते, म्हणून पट्टी भट्टीत लाल करून मऊ केली. मग ती सळईवर लाकडी हातोडीने वळवली. कडा एकमेकींना भिडल्या की वरून लोखंडी तार गुंडाळली. सांध्यावर टाकणखार आणि डाक घातला. डाकातल्या पितळेत जस्त जास्त असते, त्यामुळे ते नळीच्या पितळेआधी वितळते. भाता चालू झाला, टाकणखार फुगला, बसला आणि क्षणभर सांध्यातून सोनेरी रेघ पळाल्यासारखी दिसली. "बसला," एवढेच ते म्हणाले. मग बुडाची चकती तशीच जोडली. नळीत पाणी भरून ती पालथ्या मुठीवर ठेवली. मूठ कोरडी राहिली.

"पितळच का? लोखंडाचे का नको?" मी विचारले.

त्यांनी ऐरणीच्या कडेवर लोखंडाचा तुकडा जोराने घासून मारला. ठिणगी उडाली. तसाच पितळेचा मारला. काही नाही. दारूच्या कारखान्यांतही लोखंडी खिळे मारलेले जोडे घालून जाऊ देत नाहीत, हे मी पुढे वाचले. शिवाय दारूची राख ओल धरते आणि लोखंडाला गंज लावते. पितळ काळवंडते, पण चिंच-राखेने पुन्हा उजळते.

नळी मुद्दाम उंच ठेवली होती. आता राजगिरा आला. कुपीतला राजगिरा नळीत ओतायचा, वर किती जागा रिकामी राहते पाहायचे, राजगिरा काढायचा, काठ कानशीने घासायचा, पुन्हा ओतायचा. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. कापलेले पितळ पुन्हा जोडता येत नाही, म्हणून शेवटी-शेवटी ते कानस एकदाच फिरवीत आणि थांबत. आतली बाजू काठीला बारीक वाळू लावून गुळगुळीत केली. आत खड्डा राहिला तर त्यात दारू अडकून बसते आणि मग हे माप एकदा एक सांगते, एकदा दुसरे. काठाला एका बाजूने किंचित ओठ काढला, दारू नळीबाहेर सांडू नये म्हणून.

शेवटी राजगिरा भरून त्यांनी माप माझ्यापुढे धरले. दाणे काठाच्या वर टेकडीसारखे आले होते, बाजारात शेरावर येतात तसे. मी म्हणालो, "भरले."

त्यांनी पट्टीने वरची टेकडी साफ पुसून टाकली. "धान्याला शीग असते. देणाऱ्याचं मन मोठं म्हणून. दारूला शीग न्हाई."

ते वाक्य मी विसरलेलो नाही. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभी राहणारी रास. धान्य मोजताना ती मोडली तर घेणारा नाराज होतो, आपण त्याला 'मापात पाप' म्हणतो. दारूच्या मापात मात्र शीग ठेवणे हेच पाप. तीच गोष्ट ठोकून भरण्याची. आपटून-आपटून भरले की त्याच मापात जास्त दारू मावते. म्हणून एकदा सैल भरले तर नेहमी सैल भरायचे.

मग ते मापाला कडी लावायला बसले. आजोबा शेजारी कोणाशी बोलत होते. मान वर न करता तांबटकाका मला म्हणाले, "जुनं दोरीनं बांधलेलं होतं ना? दोरी सुटते. हे साखळीनं बांधू." मी रडू लागलो. त्यांनी मला काही विचारले नाही. भात्याची दोरी माझ्या हातात दिली आणि कडीचा डाक बसेपर्यंत मला भाता ओढायला लावले.

बारा कुप्या आणि एक काडतूस

पुढे वाचनाचा नाद लागल्यावर कळले की सायखेड्याच्या खुंटीवर टांगलेला हा प्रश्न जगभर लोकांनी आपापल्या परीने सोडवला होता. सतराव्या शतकातले युरोपातले बंदूकवाले शिपाई छातीवरून एक तिरका पट्टा घालीत आणि त्याला लाकडाच्या बाराएक कुप्या टांगीत. एका कुपीत एका बाराची मोजलेली दारू. या बारा कुप्यांना पुढे 'बारा प्रेषित' असे नाव पडले. नंतर कागदाची पुडी आली. दारू आणि गोळी एकाच पुडीत. शिपायाने पुडी दातांनी फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची.

ही पुडी म्हणजेच काडतूस. १८५७ साली ज्यावरून भडका उडाला ते एन्फिल्ड रायफलीचे काडतूस हेच. गायी-डुकरांच्या चरबीची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण त्या कागदात मुळात होते काय? अडीच ड्रॅम मोजलेली दारू, म्हणजे आपले साडेचार मासे, आणि गोळी. दाताने फाडायचे होते ते एक मापच. त्याच साली आमच्या जिल्ह्यात सिन्नरच्या बाजूला भागोजी नाईकांनी भिल्लांना घेऊन उठाव केला होता. या साऱ्याची धास्ती घेतलेल्या सरकारने देशाच्या हातची हत्यारे काढून घेतली आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला. आजोबांच्या परवान्याचे मूळ तिथे आहे.

इंग्लंडात शिकारीच्या हौसेने याच मापाला आणखी रूप दिले. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्स आणि हॉक्सली या कारखान्यांनी पितळेच्या नि तांब्याच्या सुरेख दारूदाण्या केल्या. तोंडाशी खटका आणि सरकते माप, त्यावर सव्वादोन, अडीच, पावणेतीन, तीन ड्रॅमच्या खुणा. आजोबांच्या वहीतले पाच मासे म्हणजे त्यातले बरोबर पावणेतीन ड्रॅम. शेफील्डचा कारखानदार आणि सायखेड्याचा शेतकरी एकमेकांना न विचारता एकाच खुणेवर आले होते.

ठासणीची बंदूक अजून पुरती इतिहासजमा झालेली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली हत्यारांचा नवा कायदा झाला, त्यातही पिकाच्या रक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. कोकणात आणि गोव्यात माकडे आणि रानडुकरे यांना कंटाळलेल्या शेतकऱ्यांकडे ती अजून सापडते. निवडणूक आली की ती पोलिसांकडे जमा करावी लागते आणि नेमके तेव्हाच शेतात पीक उभे असते, ही तिथली जुनी तक्रार. प्राणी मारण्यावर मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून कडक बंधने आहेत. परदेशांत तर या बंदुकांच्या नेमबाजीच्या जागतिक स्पर्धा होतात. १९७१ साली स्थापन झालेली एक आंतरराष्ट्रीय समिती त्या भरवते. तिथला नियम वाचून मी थबकलो. स्पर्धकाने प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगवेगळ्या कुप्यांत आणायची. दारूदाणीतून थेट नळीत ओतायला मनाई. आजोबांचाच नियम.

पुरानंतर

दादा हात बरा झाल्यावर परत आले. आजोबांनी त्यांचे साल मोडले नाही. नांगर धरणे होईना, तेव्हा मळ्याची देखरेख त्यांच्याकडे आली. नवे माप साखळीने नव्या शिंगाला बांधले गेले, पण पाडव्याचे बार आजोबांनी बंद केले ते कायमचे. मी दर सुटीत सायखेड्याला जाई, दादांच्या डाव्या हाताकडे पाहणे टाळी, आणि दर सुटीत ठरवी की या खेपेला सांगायचेच.

ते सांगायला बारा वर्षे लागली. १९६९ च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला. नाशिकपासून खालची गावे पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर मी आजोळी गेलो तेव्हा वाड्यात गुडघाभर गाळ होता. दादा आणि मी अंगणातला गाळ उपसत होतो. फावडे धरायची त्यांची एक वेगळी पद्धत झाली होती, दांडा उजव्या हाताने आणि डाव्या कोपराने. ती पाहता-पाहता मी फावडे टाकले आणि सगळे सांगून टाकले. बाहुली, दोरी, तांदूळ, सगळे.

दादांनी गाळाचे घमेले रिकामे केले आणि मग म्हणाले, "मला ठावं होतं. ओट्यावर तांदूळ सांडलेलं म्याच झाडलं होतं. शिंगाची दोरी कापलेली न्हवती, सोडलेली होती. मोठं माणूस कशाला गाठ सोडंल?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? माप तू हरवलंस. पण माप न्हाई म्हंजे बार न्हाई, एवढं तर मला कळत होतं ना? चार पोरं वरडली आन् माझं मन शिगंला आलं." त्यांनी पुन्हा घमेले उचलले. "तुझं लहानपण होतं, दादाची घाई होती. घाईला काय लहानपण न्हाई."

जुने माप त्या गाळातही मिळाले नाही. ते कुठे गेले हे मला आजतागायत माहीत नाही.

आजोबा गेल्यावर बंदूक रीतसर पोलिसांकडे जमा झाली. मामांनी शिंग ठेवून घेतले आणि साखळी तोडून माप माझ्या हातात दिले. तेच हे कपाटातले.

दिवाळीत नातवंडे जमली की मी ते एकदा बाहेर काढतो. मुलांचा एक उद्योग सगळ्या घरांत सारखाच असतो. न वाजलेले फटाके गोळा करायचे, त्यांची दारू कागदावर काढून ढीग करायचा आणि काडी लावायची. तो ढीग मी पाहतो तेव्हा मला राग येत नाही, पण मी गप्पही बसत नाही. दारूवर पाणी ओततो, मुलांना ओट्यावर बसवतो आणि त्या इवल्या मापात राजगिरा भरून त्यांच्यापुढे धरतो. दाणे काठावर टेकडीसारखे उभे राहतात. धाकटी नात दर वर्षी म्हणते, "आजोबा, भरले!"

मग मी पट्टी तिच्या हातात देतो.